सत्त्याऐंशी मुलांचा फलक

मित्रांनो, मी पवनी तालुक्यातल्या एका लहान गावच्या अंगणवाडीतला जुना फलक आहे. पत्र्याचा, काळ्या रंगाचा. गुलाब पेंटरने माझ्या कपाळावर पक्क्या रंगात लिहिले, जिल्हा भंडारा, तालुका पवनी. खाली कुटुंबे, लोकसंख्या, गरोदर माता, शून्य ते सहा वर्षांची मुले. त्यांचे आकडे मात्र खडूने, बदलता यावेत म्हणून.

आमचा जिल्हा तसा लहान. गोंदिया वेगळा झाल्यापासून आणखीच लहान. आज तालुके सातच, आणि मागच्या जनगणनेत माणसे बारा लाख. त्यात आमचे गाव म्हणजे धानाच्या पोत्यातली मूठ. पण तालुक्यात मुले किती, लसी किती लागतील, हे माझ्यासारख्या फलकांवरूनच वर कळते. त्याचा मला फार ताठा होता.

सेविका जनाबाई दर महिन्याला वहीशी माझा आकडा ताडून पाही. तपासणीच्या बाई म्हणायच्या, "जनाबाई, तुमचा फलक पाहिला की वही उघडावी नाही लागत." मी फुलून जाई. आज ते वाक्य आठवले की भिंतीकडे तोंड करून टांगून घ्यावेसे वाटते.

यंदा गावची लेक उर्वशी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, खुशबू. ती दीड महिन्याची झाली तेव्हा उर्वशीची आई रुखमिणीबाई लसीचा दिवस विचारायला आली.

जनाबाई म्हणाली, "तिचं नाव मोहाडीले सासरी चढलं असन न. मी बी चढवलं तर एकच पोरगी दोन तालुक्यात होते. माही बेरीज बिघडते."

"बिघडू नोको बाई तुही बेरीज," रुखमिणीबाई हसली. "चार दिसांची पावणीच तर आहे पोर. महिन्याभरात नेतीन तिले. तिकडंच टोचतीन."

तिकडे मोहाडीच्या सेविकेला सासू फोनवर म्हणाली, "सून माहेरी आहे, तिकडंच लिवलं असन." मग धानाची रोवणी लागली आणि न्यायला कोणालाच सवड झाली नाही. एकाच जिल्ह्यातले दोन तालुके, दोन्हीकडची बेरीज बरोबर, आणि पोर कुठेच नाही. माझ्यावर सत्त्याऐंशीच राहिले. मला ते शोभून दिसत होते.

खुशबू तीन महिन्यांची असताना तिला डांग्या खोकला झाला. खोकता खोकता ती निळी पडे. उर्वशी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसे, असे मी नंतर ऐकले. भंडाऱ्याच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून उर्वशी तिला घेऊन परत आली, आणि पुढच्या लसीच्या दिवशी माझ्यासमोर उभी राहिली. मांडीवर मावणारे बाळ आता ओंजळीत मावेल एवढे दिसत होते.

"मावशी, या सत्त्याऐंशीत माही खुशबू कुठं आहे?"

जनाबाईने वही मिटून बाजूला ठेवली.

"डॉक्टर मले विचारे, काहून लस नाही देल्ली. मी का सांगू त्याले? पावणी होती म्हून?"

"चुकलं पोरी," जनाबाई म्हणाली. "आकडा बिघडन म्हून भेली मी."

उर्वशी रडली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मित्रांनो, पत्र्यालाही नजर बोचते.

जनाबाईने फडके ओले करून माझे सगळे आकडे पुसले. मग ती दारोदार गेली. या वेळी तिने घरचे किती, हे विचारले नाही. आज या छपराखाली कोण कोण आहे, हे विचारले. संध्याकाळी तिने माझ्यावर एक्क्याण्णव लिहिले. खुशबूखेरीज आणखी तीन लेकरे होती, आणि तिन्ही पाहुणी. मी त्यांना किती महिने झाकून ठेवले होते, कोण जाणे.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, रंग द्या. मला ते मागायला तोंड नाही. माझे एवढेच ऐका. माझ्यावरचा आकडा कितीही नीटनेटका दिसो, तुमच्या शेजारी एखादा नवा पाळणा हलताना दिसला तर अंगणवाडीत या, त्या बाळाचे नाव सांगा, आणि माझा आकडा पुसायला लावा.