कळंबची ढाल

कंपनीनं पगारी कबड्डी संघ पुण्याला हलवला, त्या दिवशी कळंबात चुली पेटल्या नाहीत असं लोक सांगतात. साफ खोटं! कप्तान हिंदुरावाच्या घरी तर मटण शिजलं होतं. तिशी उलटली म्हणून साहेबांनी त्याला आणि आणखी सहा जणांना मागं ठेवलं, आणि त्याच्या पुतण्याला, दिग्विजयला, नोकरी देऊन नेलं; मटण त्या नोकरीचं.

"संघ गेला तर जाऊ द्या. मैदान तर न्हाय ना नेलं?" हिंदुराव म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सहाही जणांना घेऊन सरावाला उतरला.

खरी मेख होती ढालीची. सांगवीच्या जत्रेतली ही फिरती ढाल सलग तीन वर्षं जिंकणाऱ्याची कायमची व्हायची. कंपनी दोनदा जिंकली होती, तीही हिंदुरावाच्या जिवावर. आता तिसऱ्यांदा जिंकली, की ढाल चालली पुण्याच्या ऑफिसात, काचेच्या कपाटात. हे काही हिंदुरावाला पचणारं नव्हतं.

शहाण्णवच्या जत्रेत अंतिम सामन्याला कळंबकर आणि कंपनी समोरासमोर आले. गुण बरोबरीत, चढाई शेवटची. हिंदुराव मांडीवर थाप मारून आत शिरला. डाव्या कोपऱ्यात दिग्विजय टपलेला. घोटा धरायला त्याला हिंदुरावानंच शिकवलं होतं. पोरगं गुणाचं, पण उतावळं. पाय दिसला की झडप घालणारच. हिंदुरावानं मुद्दाम पाय त्याच्यापुढं रेंगाळवला. दिग्विजयनं घोटा पकडला, आणि दम न सोडता हिंदुरावानं त्याला तसंच फरफटत नेऊन मध्यरेषेपलीकडं बोटं टेकवली. सगळी जत्रा मैदानात घुसली.

ढाल हातात देताना कमिटीचे आबाजी जरा चाचरले. "हिंदुराव, ढाल एका सालासाठीच हां. मागची दोन सालं कंपनीची. तुमचं ह्ये पैलंच."

हिंदुरावाला ते लागलं. त्या दोन वर्षांत त्यानं गुडघे फोडून घेतले होते.

तेवढ्यात अंगावरची माती झाडत दिग्विजय आला. "तात्या, फुडल्या साली बघून घेतो तुमाला."

हिंदुराव खदखदून हसला. "ये की! फुडल्या साली बी आमी हितंच हाय, आन् त्येच्या फुडल्या साली बी. तुमचा संघ तवर कुठल्या गावाला आसंल, तेवढं मातुर सायबाला इचारून ये."