फुलाचे डोहाळे

अणशीच्या रानात रुक्माबाईसारखी सुईण नाही, असं आम्ही नव्हे, ती स्वतःच सांगायची. तिचा कायदा एकच: गरवार बाईनं अर्धपोटी राहायचं. पोर बारीक, तर सुटका लवकर. म्हणून पोटुशी सून फुला हिला सकाळी वाटीभर पेज आणि रात्री वाटीभर पेज. कामाला मात्र अशी काटकसर नव्हती.

फुलाचं पहिलं पोर असंच लवकर सुटलं होतं. मांजराच्या पिलाएवढं होतं ते, बारशाआधीच गेलं. हे दुसरं तरी जगावं, एवढंच तिला हवं होतं.

त्यात सुप्याच्या बाजारात सासू-सुनेला बेळगावची एक नर्सबाई भेटली. वडाखाली बसून बायकांना सांगत होती, दोन जिवांच्या बाईनं पोटभर जेवावं. कुळीथ, अंडी, मासे, पालेभाजी खावी. फुलानं जिवाचे कान करून ऐकलं. रुक्माबाईनं नाक मुरडलं.

"आमी काय बाळंत झालो न्हाई? शिकवायला आलीया!"

सासूशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? दुसऱ्या दिवशी फुलाला डोहाळे लागले.

डोहाळे पुरवले नाहीत तर पोराचे कान फुटतात, हे रुक्माबाईनंच गावाला शिकवलेलं. आता ते पुरवणं आलंच. इतर बायकांना चिंचेचे, चुलीतल्या मातीचे डोहाळे लागतात. हिला लागले कुळथाच्या कढणाचे. मग अंड्यांचे. मग उकडलेल्या कंदांचे, तेही वर तूप घालून. तिचा नवरा परशू बिचारा काळी नदीत उतरून मासे धरायचा आणि खेकड्यांकडून बोटं चावून घ्यायचा.

"आगं, कसले गं हे डोहाळे?" रुक्माबाई कावायची.

"मी काय करू, आत्याबाई? पोटातलं मागतंय."

शिमग्याच्या तोंडावर फुला बाळंत झाली, सासूच्याच हातून. मुलगी झाली. असा टाहो फोडला तिनं, की दारातलं कुत्रं उठून पळालं. रुक्माबाईनं ते गुटगुटीत पोर दोन्ही हातांवर तोलून पाहिलं.

"त्या नर्सबाईनं सांगितलेलं समदं खाल्लंस न्हवं?"

फुलाचा चेहरा उतरला. पण खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "पालेभाजी तेवढी ऱ्हायली," ती म्हणाली.

रुक्माबाई ओरडली नाही. पोरीच्या जावळावरून हात फिरवत म्हणाली, "माजी तीन गेली, फुला. समदी बारीक. मला कदी डोहाळे लागलेच न्हाईत." मग पदरानं डोळे पुसून ती उठली आणि तूप शोधायला लागली.

पुढं शेजारच्या चंद्राला दिवस गेले. रुक्माबाई न बोलावता तिच्या घरी हजर. चंद्राच्या सासूला म्हणाली, "हिला कुळथाचे डोहाळे लागलेत. अंड्याचे पन."

"मला? न्हाई वो, मला कुटं..." चंद्रा गोंधळली.

"लागलेत म्हंते न्हवं!" रुक्माबाई खेकसली. "आनि पालेभाजीचे बी."