माझी करकर कोणी पळवली?

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, आणि मी कुणावरही पटकन विश्वास ठेवत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. ज्याचं अख्खं आयुष्य येणाऱ्याजाणाऱ्यांकडे निरखून बघण्यात गेलं, तो वेगळा कसा असणार?

मला घडवणारा सुतार हाताचा चांगला, पण जिभेचा तिरका होता. मला चौकटीत बसवताना तो म्हणाला, "हा काही गप्प बसणारा नाही." वरची बिजागरी केसभर आत गेली होती. ती त्याने तशीच ठेवली, की राहून गेली, याबद्दल मला आजही शंका आहे. पण त्या केसभर चुकीतून माझा आवाज जन्माला आला. मला ढकललं की आधी मी घसा खाकरल्यासारखा थांबायचो, मग लांबलचक करकरायचो आणि शेवटी एक बारीक किंचाळी. ऐकणाऱ्याच्या मानेवर काटा उभा राहायचा.

पहिली कित्येक वर्षं मी एका कचेरीच्या दप्तरखान्याला होतो. तिथे कुणी कागद बदलतो, कुणी कागद गायब करतो. मी करकरलो की बाहेरचे मोठे कारकून मान वर करून बघायचे. "दोन पहारेकरी ठेवण्यापेक्षा हा दरवाजा बरा," असं ते म्हणायचे. माझं जे काही कौतुक झालं, ते माझ्या संशयी स्वभावामुळेच झालं, हे लक्षात ठेवा.

मग ती इमारत पाडली. मी जुन्या लाकडाच्या वखारीत उलटा टेकून उभा राहिलो. कडी खाली, बिजागऱ्या उजवीकडे, अंगावर पाली. वर्षभर कुणी मला हातसुद्धा लावला नाही.

एके दिवशी तिथे एक बाई आल्या. त्यांनी मला सरळ उभं करायला लावलं आणि उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. असं तीसेक वेळा. वखारवाला वैतागला. "बाई, दरवाजा घ्यायचाय की नुसता खेळायचाय?" बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं, ही चोर आहे, घरफोडीचा सराव करतेय. तर त्या निघाल्या भुताचे चित्रपट काढणाऱ्या दिग्दर्शक. त्यांच्याबरोबरची माणसं त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही ताई म्हणतो.

मित्रांनो, भुताचा चित्रपट मोठ्या थाटात बनत असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तो भ्रम काढून टाका. ताई आठवडाभर एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या आणि फक्त रविवारी चित्रपट काढायच्या. जागा म्हणजे त्यांचीच बैठकीची खोली. टळटळीत दुपारी खिडक्यांना घरातली सगळी घोंगडी अडकवली की झाली अमावस्या. कॅमेरा धरायचे एक दातांचे डॉक्टर, कारण कॅमेरा त्यांचा होता. दवाखान्यातला दिवाही तेच आणायचे. रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि लाल रंग, त्यामुळे प्रत्येक खुनानंतर मुंग्या यायच्या. आणि मी? माझ्या चौकटीला मागून दोन तिरके टेकू लावून मला खोलीच्या मधोमध उभं केलं होतं. माझ्यापुढे भीती, माझ्यामागे डब्यांच्या पिशव्या आणि डॉक्टरांच्या चपला.

भुताचं काम ताईंची आई करायची. सगळे तिला भूतमावशी म्हणत. तोंडाला पीठ, केस मोकळे, आणि मला हळूहळू ढकलत आत येणं, एवढंच काम. पण असं करायची की चष्मा पुसत डॉक्टर म्हणायचे, "मावशी, कट म्हटल्यावर तरी हसा हो. मला भीती वाटते." बघणारे तिच्या वाकड्या बोटांचं फार कौतुक करायचे. "काय रंगभूषा केलीय," म्हणायचे. ताई नुसत्या हसायच्या.

आवाज टिपायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांचं टोपणनाव कानसेन. पहिल्या चित्रपटापासून ते ताईंच्या बरोबर होते, अकरा वर्षं. माणूस शांत होता. म्हणूनच मला खटकायचा. त्यांची एक सवय तर फारच संशयास्पद होती. सगळे जेवायला गच्चीवर गेले की ते आपलं ध्वनिमुद्रण यंत्र रिकाम्या खोलीत चालू ठेवून जायचे. मी ऐकलं होतं, ते म्हणायचे, "खोलीची शांतता घेतोय. नंतर आवाज जोडताना लागते." आता मला सांगा, शांतता कुणी साठवतं का?

सहा चित्रपट झाले. सहाही चित्रपटांत मी करकरलो. ताईंचा हट्ट असायचा की प्रत्येक वेळी माझा आवाज ताजा घ्यायचा. मी स्वतःला नट समजायला लागलो होतो, खोटं कशाला बोलू?

सातव्या चित्रपटाच्या वेळी मात्र कुरबुर सुरू झाली. कानसेन म्हणाले, "ताई, मागच्या वेळी हा दरवाजा उघडल्यावर लोक हसले. 'आला बघा तो दरवाजा' म्हणत होते. आता पुरे की."

"दरवाजा जाणार नाही," ताई म्हणाल्या.

"मग निदान जुनी करकर लावू. माझ्याकडे सहा आहेत."

"शिळी करकर नको मला."

दोघं दोन रविवार एकमेकांशी धड बोलले नाहीत. मी तर कानसेनांचं नावच टाकलं.

त्याच सुमारास डॉक्टरांची भाची एकदा चित्रीकरण बघायला आली. नाच शिकलेली, हात लांबसडक. ताई सहज म्हणून गेल्या, "अगं, तुझे हात भुताला काय शोभतील!" सगळे हसले. भूतमावशीही हसली. तेव्हा मी त्या हसण्याकडे लक्ष दिलं नाही. इतका संशयी मी, आणि नेमकं तिथेच माझं लक्ष नव्हतं.

शेवटचा रविवार उजाडला. एका महोत्सवाला चित्रपट पाठवायची मुदत बुधवारी संपत होती आणि शेवटचा प्रसंग राहिला होता. घरात एकटी असलेली मुलगी, अंधार, आणि मी उघडतो. चित्रपटातला मिनिटभराचा प्रसंग, पण सगळा चित्रपट त्या मिनिटासाठी होता. त्या मुलीचं काम ताई स्वतःच करणार होत्या. सकाळी दोन तालमी झाल्या, दोन्ही वेळा मी झकास करकरलो. मग सगळे जेवायला गेले. कानसेनांनी यंत्र चालू ठेवलं आणि तेही गेले.

खिडक्यांवर घोंगडी होतीच, त्यामुळे आत काळाकुट्ट अंधार होता. थोड्या वेळाने कुणीतरी आत आलं. पावलं दबकी होती. माझ्या वरच्या बिजागरीला हात लागला, आणि त्या हाताला कापड गुंडाळलेलं होतं. टिक, टिक, टिक. गार तेल आत उतरलं. खालच्या बिजागरीलाही तेच. काहीतरी पुटपुटणंही झालं, पण माझं सगळं लक्ष त्या कापडाकडे होतं. मग मला दोनतीनदा पुढेमागे केलं आणि पावलं निघून गेली. कापड गुंडाळलेला हात म्हणजे ठसे नकोत म्हणून. आणि कानसेनांच्या खिशात कायम रुमाल असतो. मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला.

जेवून सगळे परतले. कानसेनांनी नेहमीसारखं यंत्र कानाला लावून टिपलेलं तपासलं. डॉक्टरांनी दिवा लावला. भूतमावशीने मला ढकललं, आणि मी उघडलो. आवाज नाही. काही नाही. लोण्यातून सुरी जावी तसा उघडलो. मित्रांनो, मला स्वतःचीच लाज वाटली.

ताईंनी बिजागरीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "तेल घातलंय," त्या म्हणाल्या. मग त्या डॉक्टरांकडे वळल्याच नाहीत, आईकडे वळल्या नाहीत. सरळ कानसेनांकडे बघितलं.

"तुम्हीच ना?"

कानसेनांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं.

"तोंडाने सांगितलं असतंत तर भांडलो असतो. हे असं पाठीमागून?"

डॉक्टर मध्ये पडले. "अहो ताई, हे काय बोलताय..."

"मग कुणी घातलं? तुम्ही? का भुताने?"

भूतमावशी कोपऱ्यात उभी होती. तोंडाला पीठ लावलेलं, त्यामुळे तिचा चेहरा कसा झाला ते कुणाला कळणार? तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात कानसेनांनी तिच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मग त्यांनी आपलं ध्वनिमुद्रण यंत्र उचललं आणि ताईंच्या हातात ठेवलं.

"आजची खोलीची शांतता यात आहे. एकदा ऐका. मला काही सांगायचं नाही."

पायात चपला घातल्या आणि अकरा वर्षं साथ दिलेला माणूस जिना उतरून गेला. मी मनात म्हटलं, बघा, चोर पळाला.

ताई खाली बसल्या, माझ्याच चौकटीला टेकून, आणि यंत्र कानाला लावलं. डॉक्टरांनी त्यातला छोटा भोंगा चालू केला, म्हणून मलाही ऐकू आलं. आधी नुसती शांतता. मग दबकी पावलं. कोपऱ्यातल्या शिवणयंत्राचा, तेलाची कुपी असते तो खण उघडल्याचा आवाज. टिक, टिक, टिक. आणि मग एकदम जवळून, दात आवळून म्हटलेलं, "आई गं." पुन्हा एकदा, "आई गं." मग मी हलल्याचा हलकासा वारा, आणि तोच आवाज स्वतःशी बोलला, "हां. आता जमेल."

ताईंनी मान वर केली. कोपऱ्यात भूतमावशी उजव्या हाताचं कापड सोडत होती. शेकायचं कापड होतं ते. खालची बोटं तशीच होती, ज्यांची सगळे तारीफ करायचे. वाकलेली, सांध्यांवर सुजलेली. त्यांना कधीच कुणी रंग लावला नव्हता.

"कधीपासून दुखतंय?" ताईंनी विचारलं.

"काही नाही गं. थंडीत धरतात जरा."

"आई."

"तिसऱ्या चित्रपटापासून," आई म्हणाली. "हा मेला जड झालाय. थोडंसंच तेल घातलं. वाटलं, हलका होईल आणि वाजेलही."

आता मला आठवायला लागलं. पहिल्या चित्रपटात तिने मला दोन बोटांनी ढकललं होतं. तिसऱ्यात तळहाताने. पाचव्यात कोपराने. आणि आता खांद्याने. प्रत्येक वेळी ताई कॅमेऱ्यामागून आनंदाने म्हणायच्या, "वा आई, काय अभिनय!" तिचा भार माझ्या अंगावर पडत होता. मला कळायला हवं होतं. पण मी तर बाहेरून कोण येतंय तेच बघत बसलो होतो.

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू त्या नाचणाऱ्या मुलीला घेतलं असतंस. बरोबरच होतं ते. पण रविवारीच तर तू माझ्याकडे बघतेस." आईने कापडाची घडी घातली. "बाकी दिवस तू येतेस, जेवतेस, झोपतेस. रविवारी मात्र माझं बोट हललं तरी तुला दिसतं."

ताई रडल्या. अगदी उघड रडल्या. डॉक्टर उगाचच दिव्याची तार तपासत राहिले.

मग ताई अनवाणीच जिना उतरून गेल्या. खाली काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. थोड्या वेळाने दोघं वर आले. कानसेन म्हणाले, "मी कुठे गेलो होतो? चहा प्यायला गेलो होतो." यंत्र दुसऱ्याच्या हातात देऊन तो माणूस कधी चहाला जात नाही, तेव्हा यावर माझा बिलकूल विश्वास नाही. पण त्या दिवशी मी गप्प बसलो. तसाही माझा आवाज गेलाच होता.

प्रसंग चित्रित झाला. माझ्या कडीला काळा दोरा बांधला आणि त्याचं टोक धरून डॉक्टरांच्या चपलांशेजारी कानसेन पालथे झोपले. भूतमावशीने मला हातसुद्धा लावला नाही. ती नुसती उभी राहिली, दोन्ही हात छातीशी धरून, आणि मी आपोआप उघडलो, अगदी मुकाट. समोर ताई भेदरलेल्या मुलीचं काम करत होत्या. खरं तर त्या आईच्या हातांकडे बघत होत्या. तसं बघणं अभिनयाने येत नाही. नंतर बघणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, दरवाजा आता वाजेल, मग वाजेल, असं वाटत राहिलं आणि तो वाजलाच नाही, त्यामुळे छातीत धस्स झालं. यंदा मला कुणी हसलं नाही.

मित्रांनो, आता मी चित्रपटात काम करत नाही. ताईंनी टेकू काढले आणि मला आईच्या खोलीला बसवलं. कोपराने दाबता येईल अशी मोठी मूठ लावली आहे. दर महिन्याला ताई स्वतः मला तेल घालतात. माझी करकर गेली ती गेलीच. तिची आठवण येते, नाही असं नाही. पण आई आत आली की मला तिचा भार लागत नाही, एवढं पुरतं.

संशयी मात्र मी अजून तितकाच आहे. फक्त आता चोरांवर नजर ठेवत नाही. रोज संध्याकाळी ताई माझ्यातून आत डोकावतात आणि विचारतात, "आई, हात कसे आहेत?" आतून उत्तर येतं, "काही नाही गं, मी बरी आहे."

या उत्तरावर माझा काडीचाही विश्वास नाही. तुमच्या घरात कुणी असं म्हणालं, तर तुम्हीही ठेवू नका. आत जा, दिवा लावा आणि त्यांचे हात बघा.