आतला हात

पेटी उतरव, अब्दुल गनी. बस या ओट्यावर. बांगड्यावाला गुलाम रसूल गेला, आता धामणगावची फेरी तुझ्याकडं आली, तर पह्यले एक गोष्ट ऐकून जा. वरच्या गल्लीत, किसनरावच्या घरी, बांगड्या भराले एक हात पाठीमागून बाहेर येईल. त्या हाताची गोष्ट सांगतो. ती ऐकल्याशिवाय त्या घरी पेटी उघडू नको.

किसनरावच्या कोकिळानं त्या दिवशी पदर नाकापर्यंत ओढला अन् भिंतीकडं तोंड केलं. बापानं सकाळीच बजावलं होतं, "पाव्हणे येतील तवा तू नाहीस. समजलं? तू घरात नाहीसच."

आता नसणार कशी? कमरेपासून बरगडीपर्यंत ती बहिणीले, वच्छलाले जुळलेली. दोघी एकाच घटकेले जन्मल्या अन् तशाच जन्मल्या. वच्छलाचा उजवा अन् कोकिळाचा डावा, हे आतले दोन हात लहानपणापासून एकमेकीच्या पाठीमागं, पदराखाली. गावाले त्या नुसत्या 'दोघी' होत्या. दोघी आल्या, दोघी गेल्या. वच्छला गावाले तोंडावर उत्तर देई अन् हसे. कोकिळा गप. सव्वीस वर्षांत ती घटकाभर एकटी राह्यली नव्हती, अन् तिच्याएवढं एकटं माणूस गावात दुसरं नव्हतं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तवाची ही बात. सोयरिकी जुळवणाऱ्या उकंडरावनं वच्छलाले स्थळ आणलं होतं. सहदेव, नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनात कामाले. बायको बाळंतपणात गेलेली. यंत्राच्या घरघरीत राहून राहून त्याचे कान गेले होते. त्याच्याशी बोलायचं म्हणजे बोंबलायचं, म्हणून हळूहळू कोणी बोलेनासंच झालं. मग तो समोरच्याच्या ओठाकडं टक लावून पाहे अन् ओठावरून बोलणं उचले.

कायदा एकाले एकच बायको म्हणत होता. नवरी कोण, ते किसनरावनं ठरवलं. वच्छला. बोलकी, उजळ. कोकिळा सोबत जाईल, न जाऊन सांगते कोणाले?

"एक घ्या, एक वर," उकंडराव पाव्हण्यांसमोर म्हणाला अन् आपणच हसला. मग वच्छलाकडं वळला. "नाव सांग पोरी."

"वच्छला."

"सैपाक येते?"

"चार हात आहेत इथं. काऊन नाही येणार?"

सगळे हसले. सहदेव तिचे ओठ पाहून हसला, जरा उशिरानं. मग त्याची नजर त्या पदराकडं गेली.

"अन् तुमचं नाव?"

किसनराव खाकरला. उकंडराव पान चघळायचा थांबला. कोकिळानं भिंतीकडचं तोंड हळूच वळवलं. पदराखालून तिचे ओठ हलले. आवाज नाही, श्वासही नाही. नुसते ओठ.

"कोकिळा," सहदेव म्हणाला. "चांगलं नाव आहे."

बाप चमकून इकडं तिकडं पाहू लागला, याले कोणी सांगितलं म्हणून. पदराखाली कोकिळाच्या पाठीवरची वच्छलाची बोटं एकदम थांबली.

आखाजीच्या सणानंतरची तारीख धरली. लग्नाच्या आठ दिवस आधी गुलाम रसूल नवरीचा चुडा भराले आला. गावातल्या बायांचे हात त्यानं तीस वर्षं हाती धरले होते. मनगट पाहून त्याले बाई ओळखू येई. अन् कोकिळाचा म्हणशील तर त्याच्याशिवाय परक्या माणसानं हात धरलेलाच नव्हता.

त्यानं वच्छलाचा डावा हात हिरव्या बांगड्यांनी भरला. अडीचचं माप. मग दोघींच्या पाठीमागं येऊन बसला, आतल्या हातासाठी.

"दे बेटी."

पदराखालून एक हात आला. गुलाम रसूलनं तो धरला. मनगट बारीक, आंगठ्याखाली तव्याचा जुना चटका. तो थांबला. समोर दोघी ताठ बसलेल्या, चेहरे दिसत नव्हते. त्यानं हातातल्या अडीचच्या बांगड्या पेटीत परत ठेवल्या, सव्वादोनच्या काढल्या, हिरव्याच. अन् एक एक करून भरल्या. सरतेशेवटी आशीर्वादाची एक जास्तीची.

गोजरबाई, पोरींची माय, हळदीचं ताट घेऊन आली अन् तिनं पाह्यलं.

"अगं माय! गुलामभाई, हा तर कोकिळाचा हात! तीस वर्षांत तुमचा हात चुकला नाही अन् आज?"

"बुढा हो गया भाभी. नजर गेली," तो पेटी आवरत म्हणाला.

आता करता काय? चुडा एकदा चढला की उतरवत नाहीत. लग्नाआधी फोडला तर नवऱ्याच्या जिवावर येते म्हणतात. गोजरबाई कपाळाले हात लावून बसली.

"राहू दे माय," वच्छला म्हणाली. "माझा आतला हात असा बी कोणाले दिसते?"

हे ती कोकिळाकडं न पाहता म्हणाली. त्या दोघींले एकमेकीकडं पाहायची गरज बी नसे.

चार दिवसांनी उकंडराव उन्हाचा आला. ओट्यावर बसला नाही, पाणी घेतलं नाही. सहदेवचे भाऊ नाही म्हणत होते. वरात नांदुऱ्यात शिरली की लोक तमाशा पाहाले गोळा होतील, आमच्या पोरींच्या सोयरिकी तुटतील, म्हणे.

"अन् ते काय म्हणतात?" वच्छलानं इचारलं.

"कोण, सहदेव? त्याले काय इचारता. त्याले ऐकू कुठं येते!"

वच्छला उठली. म्हणजे दोघी उठल्या. तिनं डावा हात दाराच्या चौकटीवर आपटला, एकदा, दोनदा. काच अंगणभर उडाली, मनगटातून रक्त आलं. चार दिवसांच्या सोन्याची माती केली त्या मेल्यांनी, म्हणाली.

गोजरबाई रडत रडत मागं आली अन् कोकिळाचा हात पदरातून ओढला. "हे बी वाढव पोरी. आता कोणासाठी ठेवतं?"

कोकिळानं हात सोडवून घेतला. तिचा आवाज घरानं फार कमी ऐकला होता.

"माय," ती म्हणाली, "ते जिते आहेत ना."

चौकटीजवळ दोघी तशाच उभ्या राह्यल्या, एकीच्या मनगटाचं रक्त दुसरीच्या लुगड्यावर पडत राह्यलं.

याले आता आठ वर्षं झाली. सहदेव अजून जिनातच आहे. दुसरं लग्न केलं नाही म्हणतात. इकडं कोणाची हिरवी काच अजून भरलेली आहे, हे त्याले ठाऊक नाही. सांगणार कोण?

गुलाम रसूल मात्र दर दिवाळीले अन् आखाजीले त्या घरी जाई. पुढचे दोन हात रंगीत बांगड्यांनी भरी, बिनलग्नाच्या पोरींले भरतात तशा. मग पाठीमागं जाऊन बसे. तवा वच्छला एकदम मोठ्यानं बोलू लागे. मोताळ्याच्या बाजाराचं, म्हशीचं, कोणाच्या सुनेचं, काहीही. घरातल्यांचं ध्यान तिच्याकडं राही, तोवर पदराखालून हात येई. मधल्या महिन्यांत कामाधामात टिचलेल्या असत दोन-चार, त्यांच्या जागी तो नव्या भरी.

तर गनी, आज तू जाशील तवा वच्छला फार बोलेल. बोलू दे. हात आला की कोणाचा म्हणून इचारू नको. सव्वादोनचं माप, हिरव्या भर. अन् पेटी उचलून निघशील तवा पुढून ये, कोकिळासमोर घडीभर उभा राह्य, अन् तिले तिचं नाव इचार. आवाज येणार नाही. तू ओठाकडं पाह्य.