उधाणाचा प्रश्न आणि मी

मित्रांनो, मी ठाण्याजवळच्या बाळकुम गावातला एक जुना पृथ्वीगोल आहे. माझ्या महासागरांचा रंग उडाला आहे आणि आफ्रिकेचा बराचसा भाग उंदरांनी खाल्ला होता, तिथे आता ठिगळ आहे. तरीही माझी हकीकत ऐकाल, तर मला बरे वाटेल.

माझा जन्म ठाण्यात, गोपीनाथ मास्तरांच्या घरी झाला. त्यांच्या पत्नी सगुणाबाईंनी मुलांचे जुने पेपर भिजवले, त्यात वाटलेली मेथी घालून लगदा केला आणि तो एका गोल मडक्यावर थापला. चैत्राच्या उन्हात मी वाळलो. मग मला मधोमध कापून आतले मडके काढले आणि मला पुन्हा सांधले. मास्तरांनी निळीने समुद्र रंगवले, गेरूने जमीन रंगवली. देशांची नावे लिहिताना मास्तरांचा हात हलू नये, म्हणून सगुणाबाई मला दोन्ही हातांनी धरून बसत. त्या हातांची ऊब मी विसरलो नाही.

दर रविवारी दुपारी मास्तर वाचनालयाच्या ओसरीवर लोकांना जगाची माहिती सांगत. मी शेजारी तिवईवर असे. ऐकणाऱ्यांत बाळकुमचा नाथा होता. तो मिठागरात कामाला होता. त्याला लिहितावाचता येत नव्हते, पण ऐकलेले तो विसरत नसे. त्याची नऊ वर्षांची मुलगी शेवंती तापानंतर पायांनी अधू झाली होती आणि दिवसभर अंगणात बसून असे. रविवारी ऐकलेले सगळे तो घरी जाऊन तिला सांगे. फक्त पृथ्वी गोल आहे, हे काही तिला पटत नव्हते. गोल असती तर खाडीचे पाणी सांडून गेले असते, असे तिचे म्हणणे होते.

ठाण्याच्या पुलावरून आगगाडी धावू लागली, त्याला पंचवीस वर्षे होत होती. त्या निमित्ताने वाचनालयाने सामान्य ज्ञानाची चढाओढ ठेवली. ज्याचे उत्तर चुकेल त्याने खाली बसायचे आणि शेवटी जो उभा राहील त्याने बक्षीस म्हणून मला घरी न्यायचे. प्रश्न आणि उत्तरे मास्तरांनीच लिहून दिली होती. शाळा तपासणारे साहेब त्या दिवशी अध्यक्ष होते. मास्तरांची बढती त्यांच्याच हातात होती.

कचेरीतले कारकून, शाळेतली मोठी मुले, असे वीसेक जण उभे राहिले. त्यांत नाथाही उभा राहिला, तेव्हा लोक एकमेकांकडे बघू लागले. रेशीम कशापासून निघते, पृथ्वीवर जमीन जास्त की पाणी, असे प्रश्न होत गेले आणि एकेक जण बसत गेला. शेवटी दोघेच उरले. एक नाथा आणि दुसरे कचेरीतले हरिहरराव.

प्रश्न आला की खाडीला उधाणाची भरती महिन्यातून किती वेळा येते. हरिहरराव म्हणाले, एकदा, पौर्णिमेला. नाथा म्हणाला, दोनदा.

साहेबांनी कागद पाहिला. त्यावर एकदा असे लिहिले होते. त्यांनी हरिहररावांचे नाव जाहीर केले आणि टाळ्या झाल्या. नाथा खाली बसला नाही. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि तो हळूच म्हणाला, "मास्तर, पुनवेला येतं तसं अवसेलाबी येतं. दर अवसेला पाणी अडवाया मी मिठागराच्या बांधावर उभा असतो."

कोणीतरी हसले. मास्तरांचा हात माझ्यावर होता. ते गप्प राहिले असते, तर कोणाला काही कळले नसते.

"साहेब, नाथाचं उत्तर बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "कागदावरची चूक माझी आहे. मी खाडीकाठी जन्मलो, पण तिच्याकडे कधी नीट पाहिलं नाही."

साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग हरिहरराव पुढे झाले, त्यांनी मला तिवईवरून उचलले आणि स्वतःच्या हाताने नाथाच्या ओंजळीत ठेवले. मास्तरांची बढती त्या वर्षी झाली नाही, पुढच्या वर्षीही नाही. पण चढाओढीच्या संध्याकाळी सगुणाबाईंनी त्यांच्या ताटात गोडाचा शिरा वाढला. हे मला मास्तरांकडूनच पुढे कळले.

नाथाने मला मुंडाशात बांधून बाळकुमला नेले. शेवंतीने मला मांडीवर घेतले, फिरवले, पुन्हा फिरवले. मग तिने विचारले, "बा, यात आपून कुठं हाव?"

नाथाला ते सांगता येईना. पुढच्या रविवारी त्याने मास्तरांना विचारले, तर मास्तर चालत बाळकुमलाच आले. त्यांनी शेवंतीचे बोट धरून योग्य जागी टेकवले. पाणी का सांडत नाही, तेही समजावले. त्यानंतर हातपाय थकेपर्यंत ते दर रविवारी संध्याकाळी येऊन तिला अक्षरे शिकवत राहिले. अशी शेवंती वाचायला शिकली. गावात पत्र आले की लोक ते तिच्याकडे आणू लागले.

मग गावात शाळा निघाली. तिथे पितळी कण्याचा छापील गोल आला आणि मुले त्याच्याभोवती जमू लागली. मी माळ्यावर गेलो, मिठाच्या रिकाम्या गोणींमागे. मित्रांनो, अंधारापेक्षा आपल्याला कोणी काही विचारत नाही, याचे दुःख मोठे असते. कितीतरी पावसाळे मी तिथे होतो.

गेल्या वर्षी शेवंतीच्या भावाच्या मुलीने, मालनने, मला शोधून काढले. शेवंतीने स्वतः लगदा भिजवून माझी भोके बुजवली. आता संध्याकाळी अंगणात पाचसहा मुली येतात. आज मालन म्हणाली, "आत्या, समुद्राच्या तळाशी काय असतं?"

"मला माहीत नाही," शेवंती म्हणाली. "उद्या बैलगाडीने आपण कोळीवाड्यात जाऊन विचारू."

मित्रांनो, जुन्या वस्तूवरची धूळ अधूनमधून पुसत जा. पण त्याहून जास्त जपा ते प्रश्न विचारणाऱ्या माणसांना. आज मुली उठून गेल्या, तेव्हा माझ्या समुद्रांवर त्यांच्या बोटांचे ठसे राहिले होते. शेवंतीने ते पुसले नाहीत.