अर्धं पेर जास्त राहिलेली दांडी

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्यूम कंट्रोल. आवाज लहानमोठा करायला तुम्ही जे गोल बटण फिरवता ना, त्याच्यामागे बसलेला तो मी. सगळं कौतुक बटणाच्या वाट्याला आणि राबतो मी. असो, सवय झाली आहे आता.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझी धातूची दांडी चांगली करंगळीएवढी लांब होती. आमच्यातल्या काहींना मुद्दामच लांब घडवतात. कुठल्या यंत्राला केवढी लागेल कोण जाणे, म्हणून ज्याने त्याने हवी तेवढी ठेवायची आणि बाकीची कापायची. मला बापड्याला हे कुठे ठाऊक? एका दुकानाच्या खणात पडल्या पडल्या मी आखूड भाईबंदांपुढे तोरा मिरवत होतो. ते एकेक करून कामाला लागले. मी मात्र वर्षानुवर्षं तिथेच धूळ खात राहिलो.

ते दुकान वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीचं. तो आणि त्याची बायको दोघं मिळून चालवत. माप तो घेई, करवत ती चालवी आणि भांडण दोघं मिळून करत.

एके दिवशी गाणं शिकवणारे एक म्हातारे मास्तर दुकानात आले. त्यांच्या घरच्या विजेवरच्या ऑर्गनचा कंट्रोल झिजला होता. बटणाला हात लावला की खर्र-खर्र असा भयंकर आवाज निघे.

"आमची ही अंथरुणाला खिळली आहे," मास्तर म्हणाले. "शेजारच्या खोलीतून माझं वाजवणं ऐकणं, एवढाच तिचा विरंगुळा. तिचे कान अधू झालेत. कधी आवाज मोठा लागतो, कधी लहान. पण बटण फिरवलं की खरखर होते आणि ती दचकते. परवा म्हणाली, आता नकोच ते. तेव्हापासून ऑर्गन बंद आहे."



मिस्त्रीने सगळे खण पालथे घातले. त्या जातीचा कंट्रोल आता बाजारात मिळत नव्हता. उरलेला एकुलता एक मी!

"जपून हं," मिस्त्री बायकोला म्हणाला. "जास्त कापली गेली तर जोडता यायची नाही."

"मला शिकवू नका. तुम्ही आधी चष्मा लावा."

त्याने जुन्या कंट्रोलची दांडी मापली आणि माझ्यावर खूण केली. तिने मला फडक्यात गुंडाळलं, धातूचा कीस पोटात जाऊ नये म्हणून. मग दांडीचा टाकून द्यायचा भाग तेवढा शिकंज्यात आवळला. माझं अंग तिने हातात अलगद धरलं होतं. मित्रांनो, इथेच पुष्कळ जण चुकतात. कंट्रोलचं अंगच शिकंज्यात आवळतात आणि त्याचा जीव घेतात. या बाईचा हात मात्र आईचा. तरी करवत लागली तेव्हा मी नखशिखांत थरथरलो. माझा सगळा तोरा टणकन खाली पडला. मग तिने कानशीने कड घासून गुळगुळीत केली आणि फुंकर मारली. खरं सांगतो, त्या फुंकरीने मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं मला घेऊन मास्तरांच्या घरी गेली. आधी मला या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-वीस वेळा फिरवून मोकळं केलं, मग ऑर्गनमध्ये बसवलं, तारा डाग देऊन जोडल्या, दांडीवर बटण चढवलं. आणि काय सांगू! जे बटण ऑर्गनच्या पुढच्या पट्टीतल्या खळग्यात बसायला हवं, ते अर्धं पेर बाहेर!

"खूण तुमची!" बायको म्हणाली.

"करवत तुझी!"

"मी खुणेच्या थोडी बाहेरूनच कापली. तुमची खूण नेहमी आखूड पडते, म्हटलं सांभाळून घ्यावं."

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "अगं, तुझी करवत नेहमी जास्त खाते, म्हणून मी खूणच थोडी पुढे केली होती!"

इतक्या वर्षांचा संसार, आणि दोघंही एकमेकांना न सांगता सांभाळून घेत होती. बायकोला हसू फुटलं. "काढा, उद्या नीट कापून आणते," ती म्हणाली.

तेवढ्यात मास्तर पुढे आले. त्यांची बोटं संधिवाताने आखडली होती. त्यांनी बटण धरलं, फिरवलं, उलटं फिरवलं. माझ्या पोटातून खर्र म्हणून नाही निघालं.

"हात लावू नका त्याला," मास्तर म्हणाले. "खळग्यातलं बटण माझ्या बोटांत कधी यायचंच नाही. नखांनी ओढत होतो. कोणाला सांगणार? हे कसं मुठीत येतं बघा!"

ते ऑर्गनपुढे बसले. आधी मला अगदी लहान ठेवलं, मग हळूहळू वाढवत नेलं. शेजारच्या खोलीतून हूं की चूं नाही. मिस्त्रीची बायको पदराचं टोक मुठीत घट्ट धरून उभी होती. मास्तरांनी मला आणखी थोडं वाढवलं आणि धून पुन्हा पहिल्यापासून धरली.

आतून बारीक पण ठसक्यात आवाज आला, "अहो, तिथे चुकलात!"

मास्तरांची बोटं थांबली. डोळे पाण्याने भरले. "कुठे गं?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या ओळीत. नेहमीसारखे!"

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातलं जुनं वाद्य बंद करून झाकून ठेवू नका. अधूनमधून धूळ पुसा, आणि आमच्यासारख्यांना एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. नुसतं पडून राहिलो की आम्ही खरखरायला लागतो. आता मात्र मला रजा द्या. मास्तरांनी दुसरी ओळ पुन्हा धरली आहे, आणि आतून हुकूम आला आहे, "जरा मोठ्याने!"