दोन डिस्कची वाटणी

राजकुमारच्या कॉम्प्युटर दुकानात टेबलावर दोन डिस्क ठेवल्या होत्या. एक मयुरीची, नाशिकहून आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून आणलेली. दुसरी तिच्या भावाची, अश्वजितची. तिच्यावर खताची धूळ होती.

"ही कुठं होती?" मयुरीनं विचारलं.

"माह्या कृषी केंद्रात, ताई. सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात लावली होती. रिकामी पडली होती, त म्हनलं कामी येईन."

"रिकामी?"

"मंग! लावून पाह्यली, काहीच दिसे ना. मले वाटलं, बाबाचं सगळं तुह्याच वाटणीत आलं."

मयुरीनं डोळे मिटून घेतले. त्यांच्या बाबांनी, शंकररावांनी, चिखलीत आणि आसपासच्या खेड्यांत जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नांचं शूटिंग केलं. कायम कॅमेऱ्यामागे, त्यामुळे स्वतः कुठेच नाहीत. गेल्या उन्हाळ्यात मयुरीच्या लेकीनं, पायलनं, एकदाच त्यांना समोर बसवून बोलतं केलं. त्यांचा आवाज होता तो तेवढ्या व्हिडिओत. तो त्यांनी स्टुडिओच्या कॉम्प्युटरमध्ये टाकला आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या लग्नासाठी पुसून घेतलं. ते वारले, आणि पुण्यानुमोदनाचा विधी आटोपल्यावर आईनं त्याच कॉम्प्युटरचं झाकण उघडायला लावलं. आत डिस्क दोन, घरात लेकरं दोन. "एक तुले, एक तिले. मंग भांडू नका," आई म्हणाली. आईवर कसं चिडायचं?

राजकुमारनं सुपारी गालात सरकवली. "डिस्क दोन, पण माल एकच हाये, ताई. फाइलीचा एक तुकडा इकडं, दुसरा तिकडं, तिसरा पुन्हा इकडं. पट्टे पट्टे. दोघी संगच लिहितात, म्हनून काम झपाट्यानं होते. पण एक गेली का दुसरी भी कामाची नाही."

"असं जोडून दिलं कोणी?"

"मीच. लग्नसराईत तुमच्या बाबाले दम निघे ना. मी म्हनलं होतं, काका, तिसरीवर कॉपी ठेवा. त म्हने, सीझन होऊ दे."

सीझन होऊ दे. मोतीबिंदूचं ऑपरेशन, आईला अजिंठा दाखवणं, सगळंच सीझन झाल्यावर. मयुरीला इतका राग आला, आणि ज्याच्यावर आला तो माणूस ऐकून घ्यायला नव्हता.

"ताईची त चांगली हाये ना बे," अश्वजित राजकुमारला म्हणाला. "अर्धा व्हिडिओ त निघन?"

"अर्धी भाकर नाही ते!" चिडली की मयुरीची भाषा नाशिक सोडून चिखलीला यायची. "पीठ माह्याकडं अन् पाणी तुह्याकडं, असं झालं! थाप आता!"

राजकुमारनं अश्वजितची डिस्क जोडली. टक. टक. टक. मग तेही थांबलं.

"कॅमेऱ्याच्या डब्यानं आधी पुसली, मंग टिनाखालच्या गरमीत हिनंच जीव सोडला," तो म्हणाला. मयुरीची जोडत पुढे म्हणाला, "बारीकसारीक फाइली एकाच पट्ट्यात मावतात. त्या निघतील. व्हिडिओ इसरा."

पडद्यावर नखाएवढी चित्रं उगवू लागली. नवरीचा अर्धवट हसरा चेहरा, वाजंत्रीवाले, पंगतीतल्या पत्रावळी, कुणाचीतरी वरमाय. मयुरी एकेक पाहत राहिली. आणि मग निळी प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीत बाबा. तोंड अर्धवट उघडं, हात वर. व्हिडिओ गेला होता, त्याच्यावरचं हे छोटं चित्र तेवढं राहिलं होतं. मागे खिडकी असल्यामुळे चेहरा काळपट.

"काय म्हनून राह्यले असतील?" अश्वजितनं हळूच विचारलं.

मयुरी तेव्हा तिथेच उभी होती. "'खिडकी मांगं घेऊ नको, बेटा, तोंड काळं येते.'"

अश्वजित हसला, आणि बाहीनं नाक पुसलं. "मले धाड तो, ताई. अन् अर्धा नको, पुरा धाड."

तिनं त्याला पाठवला, पायलला पाठवला, आईच्या फोनवर पाठवला. मग पर्समधला पेन ड्राइव्ह राजकुमारपुढे ठेवला.

"यावर पण टाक."

"एवढुसा त फोटो हाये, ताई. संध्याकाळी टाकून ठेवतो."

"आत्ता," मयुरी म्हणाली.